दुपारी एक ते तीन

हाब्बो उल्फर्ट्स खुर्चीत पाठ टेकून बसलेला आमच्या हार्कवार्फेन गावात कुणी पाहिलेला नाही. बसला तरी कडेवर, उठायच्या तयारीत. चहा ओतला, तळाची खडीसाखर तडकली, वरून साय सोडली, की बाकीचे लोक पेल्यात बघत राहतात. हाब्बोची नजर तोवर खिडकीबाहेरच्या गाडीवर गेलेली असायची. "हा घरात राहत नाही, घरावरून जातो," असं त्याची बायको गेस्के पाहुण्यांना हसत सांगायची. हाब्बो हसायचा नाही, कारण तोवर तो उठलेला असायचा.

गाईंची धार काढायची यंत्रं दुरुस्त करणं हे त्याचं काम. समुद्राच्या बांधापासून आतल्या दलदलीच्या जमिनीपर्यंत, उत्तर जर्मनीतल्या ओस्टफ्रीसलंडच्या त्या सपाट पट्ट्यात जिथे गाई होत्या तिथल्या प्रत्येक गोठ्यात तो कधी ना कधी उताणा पडलेला होता, वर नळ्या आणि शेजारी शेण. यंत्र तो कानाने ओळखायचा. सडांवर चढवलेले रबरी पेले ओढतात आणि सोडतात, ओढतात आणि सोडतात. त्या सोडण्यात जरा उशीर झाला तरी त्याला अंगणातूनच कळायचं. एका गोठ्यात एकदा ते सोडणंच बंद पडलं होतं आणि मालकाला पत्ता नव्हता. गाईंचे सड निळे पडून टणक झाले होते. तेव्हापासून तो प्रत्येक शेतकऱ्याला ऐकवायचा, "नुसतं ओढत राहिलात तर मांस मरतं. मध्ये सोडावं लागतं. तुम्हाला कुणी रात्रंदिवस ओढत राहिलं तर?"

गोठ्यावर पोचला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "कुणी हात लावला होता?"

"कुणीच नाही."

"मग हा स्क्रू आपोआप सुटला?"

"सुटला असेल."

इथे हाब्बोचं डोकं फिरायचं. "मोडलंत त्याचं काही नाही हो, पण सांगा तरी! तुम्ही सांगत नाही आणि मला सबंध यंत्र खोलावं लागतं."

दुपारी एक ते तीन मात्र तो कुठल्याच गोठ्यावर जायचा नाही. उजाडायच्या आत उठलेला शेतकरी जेवून आडवा होतो, त्याच्याबरोबर घर आडवं होतं, कुत्रासुद्धा. त्या वेळात हातोडी उचलायची नाही, गवत कापायचं नाही, घंटा वाजवायची नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. लवकर पोचलाच तर हाब्बो फाटकाबाहेर गाडी बंद करून आत बसून राहायचा. दार लावल्याचा आवाज होईल म्हणून उतरायचासुद्धा नाही. डबा उघडायचा, पाव खायचा, कागद चुरगळू नये म्हणून सावकाश घडी घालायचा. समोर पाणथळ गवत, त्यापलीकडे पवनचक्क्या. त्या फिरायच्या आणि हा बसायचा. उताणं पडून केलेल्या कामाने तो कधी दमला नाही, या बसण्याने दमायचा.

मग त्याच्या शौचातून रक्त जाऊ लागलं. गुदाशयात गाठ निघाली. जिल्ह्याच्या रुग्णालयात सर्जननी पोटाला लहान भोकं पाडून तेवढा तुकडा काढला आणि दोन टोकं जोडली. जोड कोरडा राहावा, बरा व्हावा, म्हणून वरचं आतडं पोटातून बाहेर काढून तिथे पिशवी लावली. काही महिन्यांनी ती काढायची होती. हाब्बोने एवढंच वाक्य लक्षात ठेवलं. पिशवी बदलायला नर्स आली की तो भिंतीकडे बघायचा. गेस्के आली की पांघरूण गळ्यापर्यंत ओढायचा. गाईखाली वाकताना ती पिशवी कुठे जाईल, उताणा पडलो आणि वरून नळी निसटून पोटावर आदळली तर, गोठ्यातल्या लोकांसमोर ती वाजली तर, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहायचं. काही महिने असलं काहीही सहन करता येतं, असं तो स्वतःला सांगायचा.

आठवडा झाला आणि ताप चढला. तपासणीत दिसलं की जोडाच्या मागची बाजू उसवली आहे. आतून गळती होऊन तिथे एक पोकळी झाली होती, कोंबडीच्या अंड्याएवढी, पुवाने भरलेली.

त्याच्याकडे दुर्बिणीच्या विभागातल्या डॉ. हाला सब्बाग आल्या. अलेप्पोत शिकलेल्या, इकडे येऊन बरीच वर्षं झालेल्या, जर्मन आमच्यापेक्षा स्वच्छ बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर आतडं काढलं आणि बाजूला एक पिशवीसारखा फुगवटा.

"पोट परत उघडायचं नाही असं मला वाटतंय," त्या म्हणाल्या. "खालच्या वाटेने दुर्बीण घालायची. ही पोकळी धुवायची. तिच्या मापाचा स्पंज कापून आत ठेवायचा. स्पंजाला नळी, नळी बाहेर, बाहेर पंप. पंप सतत ओढत राहतो. पू बाहेर येतो आणि पोकळीच्या भिंती आत आत सरकतात. तीन-चार दिवसांनी स्पंज काढायचा, आणखी लहान ठेवायचा. असं करत करत भरून येतं."

"धारेचं यंत्र लावताय म्हणजे मला," हाब्बो म्हणाला.

"कसलं यंत्र?"

"काही नाही. आणि नाहीच भरलं तर?"

"तर सर्जन पोट उघडतील. जोड सोडवून खालचं टोक बंद करतील."

"आणि पिशवी?"

"मग ती कायमची."

हाब्बो उठून बसला. "लावा यंत्र."

गुंगीचं इंजेक्शन त्याने नको म्हटलं. काय चाललंय ते ऐकू आलं पाहिजे, म्हणाला. पहिला स्पंज बसला. पंप म्हणजे पट्टा लावलेला चौकोनी डबा होता, त्यावर एक आकडा. ओढ पुरेशी झाली की डबा गप्प बसायचा, कुठून हवा शिरली की घर्र करून परत ओढायचा. हाब्बो तो खांद्याला अडकवून व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचा, त्यामुळे हवा शिरत राहायची आणि डबा घरघरत राहायचा. चौथ्या दिवशी स्पंज काढताना मात्र तो किंचाळला. स्पंज मांसाला चिकटला होता. डॉ. सब्बागनी मिठाचं पाणी सोडून सोडून तो सुटा केला. निघाला तेव्हा तांबडालाल होता.

"छान," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला छान."

दुसरा स्पंज बसवला त्याच दिवशी त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर पित्ताशय फुटलेला एक म्हातारा आणून ठेवला. मेनो बुस. बांधाकडच्या रस्त्यावर त्याचा गोठा होता, पन्नास गाई. त्या गोठ्यात हाब्बो यंत्राखाली कितीदा तरी उताणा पडून आला होता.

"तू?" मेनो म्हणाला. "मी मेलो नाही याची खात्री करायला आलास?"

"तुझं मागचं बिल राहिलंय, ते न देता मरू नकोस."

"पाकीट घरी राहिलं. तुझ्या ढुंगणातून ही काय नळी निघालीय?"

"धार काढतायत."

"निघतंय का काही?"

"तुझ्या गाईंपेक्षा जास्त."

मेनो हसला आणि टाके दुखले म्हणून शिव्या देत आडवा झाला. जेवणं झाली. उकडलेले बटाटे, वर कसलीतरी पांढरी चटणी. एक वाजला. मेनो भिंतीकडे वळला, चष्मा काढून छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

पंप म्हणाला, घर्र.

हाब्बो शहारला. आयुष्यभर त्याने एक ते तीन या वेळात कुणा शेतकऱ्याच्या झोपेत चाक फिरवलं नव्हतं. आता तो शेतकऱ्याच्या उशाशी झोपला होता आणि त्याच्याच अंगातून आवाज येत होता. पांघरूण डब्यावर टाकलं. घर्र. उशी ठेवली. घर्र. मेनोचा खांदा हलल्यासारखा वाटला. मग हाब्बोने नळीकडे पाहिलं. डब्यापासून हातभर अंतरावर एक निळा चिमटा होता, बाटली बदलताना नर्स वापरायच्या तो. त्याने तो दाबला. डब्याला हवाच मिळेना, आकडा जिथल्या तिथे राहिला, आवाज थांबला. नर्स डोकावून आकडा बघून गेली. आकडा बरोबर होता.

थोड्या वेळाने खालची ओढही सैल झाली. दिवसभर आतून कुणी मूठ आवळून धरावी तसं जे वाटत होतं, ती मूठ उघडली. तेव्हा हाब्बोला आपलंच बोलणं आठवलं. ओढा, पण सोडा. या डॉक्टरांनी सोडायची सोयच ठेवली नव्हती. शिकलेली माणसं, पण गाय बघितलेली नाही, त्याला वाटलं. तीन वाजता त्याने चिमटा उघडला. दुसऱ्या दिवशी एक वाजता परत दाबला. त्यामागे आता दोन कारणं होती, आणि दोन्ही त्याला पटलेली होती.

त्याने हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच त्याला वाटलं नाही.

पुढचा स्पंज काढताना दुखलंच नाही. "बरा होतोय मी," तो गेस्केला म्हणाला. "हल्ली काही कळतसुद्धा नाही." त्याच्यापुढचाही असाच निघाला. डॉ. सब्बागनी तो चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवून पाहिला. करडा, बुळबुळीत.

"हा लोणी लावलेल्या साच्यातून केक निघावा तसा निघाला," त्या म्हणाल्या. "हा चिकटायला पाहिजे. पोकळी जेवढी होती तेवढीच आहे, मिस्टर उल्फर्ट्स. थोडी मोठीच असेल."

हाब्बो कुशीवर पडला होता, तोंड भिंतीकडे.

"पंप मध्ये बंद पडला होता का? नळी निसटली? कुणी हात लावला होता?"

"कुणीच नाही," हाब्बो म्हणाला.

म्हणाला, आणि ते वाक्य त्याने ऐकलं. कुठल्या गोठ्यात, कुठल्या मालकाने, कुठल्या टोपीखालून ते म्हटलं होतं तेसुद्धा त्याला दिसलं. पण एकदा तोंडातून गेलेलं परत घ्यायची त्याला सवय नव्हती.

संध्याकाळी मुख्य सर्जन येऊन गेले. उंच, घाईत असलेले, खाटेच्या दांड्यावर हात ठेवून उभे. स्पंज काम करत नाहीये. पू असा आत ठेवून चालणार नाही. परवा सकाळी उघडू. सगळं व्यवस्थित होईल. पिशवीबरोबर लोक पोहतात, सायकल चालवतात. ते गेल्यावर हाब्बो उठला आणि डबा खांद्याला लावून व्हरांड्यात गेला. व्हरांडा सरळ होता, टोकाला खिडकी, खिडकीबाहेर पवनचक्क्या. तो टोकापर्यंत जायचा, त्यांच्याकडे न बघता वळायचा. नर्स म्हणाल्या झोपा, तर म्हणाला झोपतो, आणि आणखी एक फेरी मारली.

सकाळी गेस्के आली. थर्मासमधून चहा, कागदात गुंडाळलेली खडीसाखर, छोट्या बाटलीत साय. रुग्णालयाचा पुडीचा चहा तिला माणसांना द्यायचा प्रकार वाटत नव्हता. तिला सर्जननी फोनवर सांगितलं होतं.

"पिशवी तर पिशवी," ती म्हणाली. "तू असलास म्हणजे झालं."

"तुला काय जातंय बोलायला."

"मला? कपडे कोण धुणार आहे? ती पिशवी फुटली तर पलंग कोण पुसणार आहे? मी म्हणतेय ना, मला चालेल."

"मला नाही चालणार."

"मग काय करणारेस? पळून जाशील? जा ना, डबा घेऊन जा. बांधावरून पळताना लोक ओळखतील तरी." तिचा आवाज फाटला. तिने पेला खाली ठेवला. "चाळीस वर्षं मी तुझी गाडी फाटकातून आत यायची वाट बघितली. आता एका जागी पडलायस तर तोंड भिंतीकडे करतोस. काय दडवतोयस रे? पिशवी मी बघितलीय, हाब्बो. तू झोपलेला असताना. पिशवीच आहे ती."

मेनोने वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं होतं. पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

हाब्बोने चहा प्यायला. ती निघाली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं. जेवण आलं, तसंच परत गेलं. एक वाजला. मेनो भिंतीकडे वळला. हाब्बोचा हात चिमट्याकडे गेला. त्याने तो दाबला.

"हाब्बो," भिंतीकडून आवाज आला.

"झोपला नाहीस?"

"एक विचारू? तुझा हा पंप रोज एकला मरतो आणि तीनला जिवंत होतो. त्याला पण दुपारची झोप लागते का?"

हाब्बोने चिमट्यावरचा हात काढून पांघरुणाखाली घेतला.

"नाही, आपलं विचारलं. मी इतके दिवस बघतोय."

"बघतोयस? तू झोपतोस ना!"

मेनो वळला. चष्मा छातीवरून घसरून पांघरुणात गेला, तो शोधत म्हणाला, "मी? गाई विकल्या त्याला पाच वर्षं झाली. पहाटे उठायचं कशाला, आणि दुपारी झोपायचं कशाला? मी दुपारी टीव्ही बघतो. स्वयंपाकाचे कार्यक्रम."

"मग डोळे मिटून काय पडतोस?"

"पहिल्या दिवशी टाके दुखले म्हणून नुसता पडलो होतो, तर तू पंप बंद केलास. मला वाटलं, याला झोप हवी आहे. आजारी माणूस आहे. मग मी पण गप्प पडलो. दोन तास, हाब्बो. हलायचं नाही, खोकायचं नाही. टाके खाजतात तर खाजवायचं नाही. मला वेड लागायची पाळी आली."

हाब्बोला हसू येईल असं मेनोला वाटलं, म्हणून तोच आधी हसला, पण हाब्बोचा चेहरा पांढरा पडला होता.

"डॉक्टरांना माहितीय?" मेनोने विचारलं.

"काय?"

"चिमट्याचं."

"त्याने काय फरक पडतो? दोन तास. मांसाला सोडावं लागतं, नाहीतर ते निळं पडतं. तुला माहितीय, तुझ्याच चुलतभावाच्या गोठ्यात..."

"ते सडांचं."

"मांस ते मांस."

"डॉक्टरबाईने विचारलं होतं," मेनो म्हणाला. "परत आलास तेव्हा तूच सांगितलंस. विचारलं, कुणी हात लावला का. मी सात वेळा तुझ्याशी असंच खोटं बोललोय. सात नाही, जास्त. माझ्या पोराने व्हॉल्व्ह उलटा लावला होता त्या वेळी तू सबंध भिंतीवरची नळी खोललीस, आठवतंय? आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. पोरगा म्हणत होता सांगू या, मी म्हटलं गप, आता अर्धं खोललंय त्याने." त्याला चष्मा सापडला. "तुला उद्या खोलतायत."

हाब्बोने चिमटा उघडला. पंप घर्र करून ओढू लागला, जोरात, बराच वेळ. मग त्याने नर्सला बोलवायची घंटा दाबली. दुपारी दीड वाजता. आयुष्यात पहिल्यांदा.

डॉ. सब्बाग आल्या तेव्हा हातात अर्धा खाल्लेला पाव होता.

"डॉक्टर, हात लावला होता," हाब्बो म्हणाला. "मी."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चिमटा कुठे, कधी, आकडा का बदलला नाही. बाजूला खुर्ची नव्हती म्हणून त्या मेनोच्या खाटेच्या कडेवर बसल्या. मेनो म्हणाला, "बसा, बसा. मी काही झोपत नसतो."

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"आणि हे तुम्ही त्यांच्या झोपेसाठी केलंत."

"आधी. मग... आमच्या धंद्यात सतत ओढत नाहीत."

त्यांनी पाव टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. "तुमच्या धंद्यात दूध बाहेर काढायचं असतं आणि सड होता तसा राहायला हवा असतो. बरोबर? मला ते मांस होतं तसं राहायला नकोय. मला ते हलायला हवंय. ते ओढलं जातं, त्याला त्रास होतो, म्हणून ते वाढतं, आत सरकतं, समोरच्या भिंतीला जाऊन भेटतं. तुम्ही सोडलंत की ते मागे जातं आणि मधल्या जागेत पू भरतो. दिवसभरात मी जेवढं मिळवते तेवढं तुम्ही दुपारी परत देऊन टाकता."

"मला वाटलं दुखत नाही म्हणजे बरं होतंय."

"मलाही तुम्हाला कधी दुखवायचं नव्हतं. पण दुखायला हवं होतं."

हाब्बोने मान खाली घातली. मग विचारलं, "आता उशीर झाला?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. त्या उत्तराने तो जास्त घाबरला. सर्जनचं 'सगळं व्यवस्थित होईल' हे त्याला एवढं लागलं नव्हतं.

त्या सर्जनशी बोलून आल्या. ताप कमी होता, रक्ताचे आकडे वाईट नव्हते. एक स्पंज. एकच. ऑपरेशनची वेळ पुढे ढकलली होती, काढून टाकली नव्हती. स्पंज निघेल त्याच्या दुसऱ्या दिवसाची. "चिमट्याला हात लावायचा नाही. आणि चालणं कमी. तुम्ही फिरता म्हणून हवा शिरते."

"किती कमी?"

"संडासापर्यंत. पण तिकडे तुमचं कामच नाही."

त्या दुपारपासून हाब्बो पडून राहिला. हे लिहायला सोपं आहे. त्याची बोटं पांघरुणाची शिवण उसवत राहायची. घर्र झालं की त्याच्या खांद्यातून कळ जायची, जणू कुणा झोपलेल्या घराच्या दारावर तो लाथ मारतोय. मेनो झोपत नाही हे त्याला कळलं होतं, पण ते त्याच्या हाताला कळत नव्हतं. हात चिमट्याकडे जायचा.

"हात वर," मेनो म्हणायचा.

"खाजवत होतो."

"नळीला खाज सुटते होय?"

मग मेनोने दुसरा उपाय काढला. बांधाकडचा रस्ता घे, म्हणाला, पहिल्या घरापासून. कुणाकडे कुठलं यंत्र होतं ते सांग. हाब्बो सांगू लागला. पहिलं घर, जुनं यंत्र, बादलीवालं. दुसरं घर, दोन भाऊ, एकमेकांशी बोलत नसत, माझ्यामार्फत बोलायचे. "ते विकून गेले," मेनो म्हणायचा. तिसरं, वेशीजवळचं, चांगला गोठा. "तिथे आता सुट्टीला येणाऱ्यांच्या खोल्या." चौथं. "बंद." पाचवं, तिथली म्हातारी केक द्यायची. "बंद. म्हातारी आहे अजून." सगळा रस्ता संपला, मग दलदलीकडचा घेतला. गाई राहिलेले गोठे एका हाताच्या बोटांवर बसले. उरलेल्या घरांमध्ये दुपारी झोपायला कुणीच नव्हतं. तरी एक ते तीन कुठल्याही फाटकाशी तो थांबतच असे, मागच्याच वर्षीपर्यंत, गाडी बंद करून, कागदाची सावकाश घडी घालत. कुणाची झोप तो राखत होता? ही गोष्ट त्याला आत कुठेतरी टोचली आणि त्याने विषय बदलला. पण पडल्या पडल्या ती रिकामी अंगणं त्याच्या डोळ्यांसमोरून जाईनात.

गेस्के यायची तेव्हा तो आता पांघरूण ओढायचा नाही. बोलायचा मात्र कमी. एकदा तिने पिशवीची पट्टी सरकलेली बघून न विचारता नीट केली. त्याने छताकडे पाहिलं, भिंतीकडे नाही.

स्पंज काढायच्या आदल्या दुपारी पंप गप्प झाला. हाब्बोने चिमटा पाहिला, उघडा. घर्र होईल म्हणून वाट पाहिली, झालं नाही. मेनोकडे पाहिलं.

"मी नाही लावला हात!" मेनो म्हणाला.

"मेला हा. मेला पंप." त्याने घंटा दाबली, परत दाबली. नर्स धावत आली. आकडा बरोबर, बाटलीत थोडा द्रव, नळी मोकळी.

"चालू आहे," ती म्हणाली. "हवा शिरत नाहीये एवढंच. घट्ट बसलाय."

"की बंद पडलाय आणि आकडा अडकलाय?"

"मिस्टर उल्फर्ट्स, तो चालू आहे."

ती गेली. खोली शांत झाली. इतके दिवस त्याला ज्या शांततेसाठी जिवाचं रान करावं लागत होतं ती आली होती आणि तिच्यावर त्याचा भरवसा बसेना. दर थोड्या वेळाने तो डब्याला कान लावायचा. यंत्र कानाने ओळखणारा माणूस, आणि त्याला ऐकू येत होतं ते काहीच नव्हतं. ते बरं म्हणायचं की वाईट, हे त्याला सांगता येत नव्हतं. उद्या स्पंज, परवा सकाळी ऑपरेशनची ठेवलेली वेळ. मेनो स्वयंपाकाचा कार्यक्रम बघत होता. कुणीतरी पिठात अंडी फोडत होतं.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीच्या खोलीत तो डाव्या कुशीवर पडला, तोंड भिंतीवरच्या पांढऱ्या फरश्यांकडे. गुंगी नको, याही वेळी म्हणाला. डॉ. सब्बागनी पंप बंद केला, नळीतून पाणी सोडलं, थांबल्या, आणि हळू ओढलं.

काही झालं नाही. पुन्हा ओढलं. हाब्बोच्या आतून कुणीतरी त्याचंच काहीतरी उपटत होतं. त्याने खाटेची दांडी पकडली.

"येत नाहीये," नर्स म्हणाली.

"अजून पाणी," डॉ. सब्बाग म्हणाल्या.

पाणी. ओढ. हाब्बो ओरडला. दुपारची वेळ होती आणि त्याचा आवाज दारं ओलांडून व्हरांड्यात गेला असणार. तो परत ओरडला आणि ओरडता ओरडता त्याला कळत होतं की हे थांबू नये असं त्याला वाटतंय. स्पंज तसूतसूने सुटत आला. नर्सने ट्रेमध्ये ठेवला तेव्हा तो तांबडा होता, कडेला मांसाचे बारीक धागे. मग दुर्बीण आत गेली. हाब्बो फरश्यांमधली रेघ बघत राहिला, एक फरशी जरा वाकडी बसवलेली होती.

"डॉक्टर?"

"थांबा."

त्यांनी एका हाताने दुर्बीण धरली आणि नर्सला सर्जनना फोन लावून तो कानाशी धरायला सांगितला. हाब्बोला त्यांचं निम्मं बोलणं ऐकू येत होतं.

"हो, मीच... नाही. उद्या नको... नाही म्हणतेय ना, उद्या नको. अर्धीच राहिलीय. तळ दिसतोय मला, लाल आहे, स्वच्छ आहे... हवं तर येऊन बघा, मी दुर्बीण काढलेली नाही... कोण? तोच. हो, तोच ओरडत होता... नाही, वेळ रद्द करा. ढकलू नका, रद्द करा."

फोन बंद झाला.

"काय म्हणाले?" हाब्बोने विचारलं.

"म्हणाले, चिमटा काढून ठेवा."

"काढा."

"नको. बाटली बदलायला लागतो." त्या नवा स्पंज कात्रीने कापत होत्या, चुर्र चुर्र आवाज येत होता. "हा लहान आहे. याच्यापुढचा आणखी लहान. तरी किती लागतील ते मी आज सांगणार नाही. आणि भरल्यावरसुद्धा पिशवी लगेच काढत नाहीत, काही महिने जातात. समजलं?"

"समजलं."

"आता हलू नका."

तो हलला नाही. बाहेर व्हरांड्यात गेस्केचा आवाज आला, कोण ओरडत होतं म्हणून ती कुणाला तरी विचारत होती, आणि तिला कुणी नीट सांगत नव्हतं. हाब्बोला तिला हाक मारायची होती. स्पंज आत सरकत होता. त्याने श्वास धरला आणि तो जागेवर बसेपर्यंत वाट पाहिली.